हात वर असेपर्यंत

वर्ग गप्प होता.

चौथीच्या या वर्गाबद्दल असं कुणी म्हटलं असतं तर शाळेने त्याला वेड्यात काढलं असतं. नव्या बाई रुजू झाल्यापासून तिथे नुसता मासळीबाजार भरायचा. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारी मागच्या बाकावर येऊन बसेन. वर्ग ताब्यात दिसला तर कायम करीन. नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा."

नव्या बाईंच्या घरी आत्या होती. तिचा सगळा जन्म मुलं शिकवण्यात गेलेला.

"घसा कशाला फोडतेस? हात वर कर. हात वर म्हणजे तोंड बंद, खाली येईपर्यंत. आणि एक जरी बोलला, तरी अख्ख्या रांगेचा खेळाचा तास बाद."

"एकासाठी सगळ्यांना शिक्षा?"

"अगं, तीच तर गंमत. मग पोरंच पोरांना गप्प करतात. नाही केलं तर मी तुझी आत्या नाही!"

मात्रा लागू पडली. एका रांगेचा तास गेला, त्या रांगेने बोलणाऱ्याला मधल्या सुट्टीत चांगलाच चोपला. मग कुणाचाच गेला नाही.

शुक्रवार. मोठ्या बाई मागे बसल्या. नव्या बाईंनी डावा हात वर केला.

शांत.

किती शांत! बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हात तसाच वर ठेवून त्या फळ्याकडे वळल्या आणि उजव्या हाताने गणित लिहू लागल्या. खडूचा तेवढा आवाज. एक ओळ झाली. मागे बाक कुरकुरला. चालायचंच. दुसरी ओळ. बाक पुन्हा कुरकुरला, जोरात, आणि बाई डोळे वटारून वळल्या.

सगळी मुलं हाताची घडी घालून ताठ. सगळ्यांचे डोळे एका बाकाकडे, तिथून बाईंच्या हाताकडे, पुन्हा बाकाकडे.

त्या बाकावर चिमणी, वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. दोन्ही हातांनी गळा धरलेला. ओठ निळे. तोंड उघडं आणि आवाज नाही.

शेजारचा ढोल्या तोंड घट्ट मिटून रडत होता.

मागून मोठ्या बाईंना ताठ पाठी तेवढ्या दिसत होत्या. त्या कौतुकाने मान डोलावत होत्या.

बाई कशा धावल्या, बाक कसा उलटला, ते त्यांना नंतरही आठवेना. चिमणीला पुढे वाकवलं. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताने दणका. काही नाही. आणखी एक. आणखी.

पेनचं टोपण टप्पकन फरशीवर पडलं. मग घरघरत आत गेलेला श्वास.

बाई तिला पोटाशी धरून खाली बसल्या.

"अरे, कुणी सांगितलं का नाही?"

बाईंनी ढोल्याकडे पाहिलं.

"ढोल्या, तू शेजारी होतास ना रे!"

ढोल्याने हुंदका गिळला. "हात वर होता, बाई."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. हे पोर चुकलं नव्हतं. त्यांनी शिकवलेलं त्याने तंतोतंत केलं होतं.

मोठ्या बाई पुढे आल्या. चिमणीचा चेहरा पाहिला, पाणी पाजलं, आईला बोलवायला शिपाई धाडला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नशीब थोर. बाकी काही म्हणा, इतक्या गोंधळातही एक पोर जागचं हललं नाही. काय वळण लावलंत! सोमवारी तुम्हाला कायम केल्याचा कागद करून टाकू."

नव्या बाईंनी वर्गाकडे पाहिलं. ताठ पाठी, मिटलेली तोंडं.

"ऐका रे. कुणाला काही झालं, तर ओरडायचं. माझा हात कुठेही असो. आत्ता ओरडून दाखवा."

"अहो बाई," मोठ्या बाई दचकल्या, "सगळं मुसळ केरात घालताय."

"ओरडा!"

मुलं चुळबुळली. एकमेकांकडे पाहू लागली. कुणाचा विश्वास बसेना. मग चिमणीच, घोगऱ्या आवाजात, त्यांच्या कुशीतून म्हणाली, "बाई, खरंच ना?"

बाईंनी मान हलवून हो म्हटलं.

पहिला ढोल्या ओरडला. कोंडलेलं सगळं रडणं एका दमात बाहेर. मग त्याची रांग, मग सगळा वर्ग. शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मोठ्या बाईंनी कानांवर हात ठेवले आणि काहीतरी म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.