ॲन्सेल्मचा उजवा डोळा

माणिकपूरच्या ॲन्सेल्म फोटोग्राफरचा डावा डोळा गेला तो निव्वळ हट्टापायी. सत्त्याहत्तरच्या जानेवारीत डोळ्यासमोर कोपऱ्यातून काळा पडदा उतरू लागला, आणि या शहाण्याने काय केलं? आधी एक लग्न उरकलं, मग दुसरं. तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा दादरच्या डॉक्टरने हात टेकले. म्हणाला, "आता उजव्याला जपा. सावली दिसली की त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी आलात, तर माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नसेल." ही गोष्ट फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, बर्थाला ठाऊक. एका डोळ्याच्या फोटोग्राफरला लग्नाला कोण बोलावणार होतं?

दोन वर्षांनी, मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेली चाळीस पोरं उभी होती. पांढरे झगे, पांढरे सदरे, हातात मेणबत्त्या. ॲन्सेल्मच्या छातीवर पेटीसारखा कॅमेरा लटकलेला. त्याला दोन भिंगं. वरच्या भिंगातलं चित्र आतल्या काचेवर पडायचं, ते मान खाली घालून बघायचं; फोटो निघायचा खालच्या भिंगातून. सकाळपासून ॲन्सेल्मच्या उजव्या डोळ्यात मधूनच चांदणी चमकत होती. पांढऱ्या कपड्यांवर ऊन पडलंय, दुसरं काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. बर्थाला मात्र बोलला नाही.

बर्था पिशवी धरून शेजारी उभी होती. तिने त्याला घरची दोन सुकेळी खायला दिली, उन्हात वाळवलेली गोड चिकट केळी. "हात पुसा," ती म्हणाली.

"पुसले," म्हणाला, आणि त्याच बोटांनी भिंगांवरचं टोपण काढून मोकळा झाला.

"जरा जवळ सरका. सालोमी, मेणबत्ती सरळ धर." त्याने मान खाली घातली. पोरं काचेत दिसली, आणि कोपऱ्यातून सावली आत आली.

सावली पुढे सरकली, मागे हटली, परत आली. आता मान वर करून समोर बघितलं असतं, तर दोष कॅमेऱ्यात की डोळ्यात, ते तिथल्या तिथे कळलं असतं. पण मान वर करवेना. वर बघितलं आणि तिथेही सावली असली तर? काचेत बघत होता तोवर काहीच ठरलेलं नव्हतं. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, तोही पुसवेना. चाळीस पोरं, त्यांचे आईबाप, सगळे वाट बघत उभे. ओळीत कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघंतिघं.

"फोटोवाले," सालोमी हळूच म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्यावर फुलपाखरू बसलंय."

त्याने डोळे तेवढे वर उचलले. कॅमेऱ्याच्या कडेवर, नाकापासून वीतभर अंतरावर, काळं फुलपाखरू. पंखांवर पांढरे ठिपके. वरच्या भिंगाच्या कडेला लागलेला सुकेळ्याचा चिकटा बारीक सोंडेने निवांत चाखत होतं. पंख उघडले की भिंगावर आडोसा, मिटले की उजेड.

ॲन्सेल्मचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. "खा बाबा, पोटभर खा," म्हणाला, आणि त्याने कळ दाबली. फोटो निघाला. आवाजाने फुलपाखरू उडालं. पोरांच्या माना त्याच्यामागे वळल्या, तशी त्याचीही वळली. फुलपाखरू चर्चच्या चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवरून वर गेलं आणि दिसेनासं झालं.

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र काळं राहिलं होतं.

त्याने नजर डावीकडे नेली. काळंही डावीकडे आलं.

कुणाला काही कळलं नव्हतं. अजून प्रत्येक घराचा वेगळा फोटो व्हायचा होता. तासाभराचं काम. फुलपाखराचं निमित्त तर गावासमोर आयतंच होतं, आणि तासाभराने असं काय बिघडणार आहे, असं त्याच्या मनात आलंही. डाव्याच्या वेळीही अगदी हेच आलं होतं.

त्याने गळ्यातून कॅमेरा काढला. संसाराच्या बारा वर्षांत त्याने बायकोला त्यावरची धूळसुद्धा पुसू दिली नव्हती.

"बर्था, हा धर."

बर्थाने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पायऱ्यांकडे वळून ती सरळ म्हणाली, "बाकीचे फोटो आज होणार नाहीत. यांचा डोळा बिघडलाय. एक आधीच गेलाय." मग सालोमीचा बाप टांगा आणायला धावला.

स्टेशनपर्यंत बर्थाने कॅमेरा मांडीवर घट्ट धरला होता. ॲन्सेल्म वाटेतल्या वाड्या बघत नव्हता, की रस्ता.

"काय सारखं बघताय माझ्याकडे?" ती म्हणाली.

"बघून घेतोय," तो म्हणाला.