मॅडमची डबी

गोळ्यांची एक साधी डबी बनवायला चार शहाणी पोरं लागतात, असं विद्यापीठात कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि चार वेगवेगळ्या शाखांतून एकेक नग उचलून एका टेबलाभोवती बसवला. अट काय, तर डबी लहान पोराला उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्या माणसाला सहज यावी. सांगायला काय जातं! यंत्रशाखेचा होता तो मशीन. औषधशास्त्राची ती गोळी. वाणिज्य शाखेचा मार्केट, जो प्रत्येक गोष्टीला आधी "पण हे खपेल का?" एवढंच विचारायचा. आणि चौथी आपली रेघ, डिझाइनवाली. ही नावं त्यांनीच एकमेकांना ठेवली होती, आणि आईबापांनी ठेवलेली नावं पहिल्या आठवड्यातच मागे पडली होती.

भांडणं रोजची. गोळी म्हणे, कुलूप घट्टच हवं, एखाद्या पोराने चॉकलेट समजून गोळ्या खाल्ल्या म्हणजे? मार्केट म्हणे, इतकं घट्ट केलंत तर गिऱ्हाईक ती डबी आपल्याच डोक्यात घालेल. मशीन कुणाचंच न ऐकता पुठ्ठा कापत बसे. शेवटी त्यानेच तोडगा काढला. काडेपेटीसारखं बाहेरचं आवरण, आत सरकणारा खण, आणि आवरणावर एक खळगी. खळगी अंगठ्याने दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खण ओढायचा. लहान पोराला दोन्ही एकदम जमत नाही. रेघेने त्यावर छान निळा बाण काढला, 'दाबून ओढा' अशी ठसठशीत अक्षरं घातली, आणि गप्प बसली.

इथेच माशी शिंकली. कारण त्या टेबलाभोवती एकट्या तिलाच माहीत होतं की ही डबी चालणार नाही.

तिचे बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांची शिट्टी वाजली की चार गल्ल्यांतली पोरं सरळ उभी राहायची म्हणे. मग हात कापायला लागले आणि ते मुदतीआधीच घरी बसले. त्यांच्या अंगठ्यात जोर राहिला नव्हता. घरात काहीही उघडायचं झालं की ते वस्तू टेबलावर ठेवायचे आणि वरून तळहाताचा भार द्यायचे. भार दिला की थरथर जरा कमी व्हायची. तेवढ्यानेही नाही जमलं तर सरळ दात. "अहो, दात तरी शिल्लक ठेवा!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

हे सगळं रेघ रोज बघत होती. मग टेबलावर बोलली का नाही? तर बाईसाहेबांनी ओळखीच्या पहिल्याच दिवशी एक थाप मारून ठेवली होती. मशीनचे वडील मोठ्या कारखान्यात, गोळीची आई डॉक्टर, मार्केटच्या घरी दोन दुकानं. हिची पाळी आली आणि ही म्हणाली, "माझे बाबा खेळाडूंचे प्रशिक्षक आहेत. सारखे दौऱ्यावर असतात." झालं. त्या दिवसापासून ती त्या थापेला दाणापाणी घालत होती. अंगठ्याबद्दल बोलली असती तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुला कसं माहीत?

चाचणीसाठी थरथरत्या हातांची वडीलधारी माणसं हवी होती. गोळीने दवाखान्याच्या व्यायामखोलीत सूचना लावली. मार्गदर्शक बाईंचा एक नियम होता, की आपल्या नात्यातलं माणूस आणायचं नाही. नातेवाईक प्रेमापोटी खोटं बोलतात.

आता त्या व्यायामखोलीत कोण जायचं, ते सांगायला नको. बाबांनी सूचना वाचली, पोरीच्या विद्यापीठाचं नाव वाचलं, ही तिचीच डबी हे ओळखलं, आणि ठरवलं की हिला चकित करायचं. घरी अवाक्षर बोलले नाहीत. नियमाचं त्यांना कोण सांगणार?

चाचणीच्या सकाळी ते दारात उभे राहिले. अंगात कवायतीचं जुनं निळं जॅकेट, इस्त्री केलेलं. गळ्यात शिट्टी. जॅकेटची चेन अर्ध्यात अडकून तिरकी झालेली. आणि चेहरा असा फुललेला, की विचारू नका.

"या आजोबा," मशीन म्हणाला. मग त्यांचं हसू कुणाकडे आहे ते बघून वळला. "रेघे, तुझ्या ओळखीचे का?"

"नाही," ती म्हणाली.

पटकन म्हणाली. पुढे ती स्वतःला कितीदा तरी सांगणार होती की नियम होता. होताच नियम. पण 'नाही' म्हणताना तिला नियम आठवला नव्हता, ती तिरकी चेन दिसली होती. ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

बाबांचं हसू क्षणभर तसंच लटकत राहिलं. मग ते म्हणाले, "छे रे! मी कुठून ओळखणार यांना? माझं तोंडच हसरं आहे, त्याला काय करू?" आणि खुर्ची ओढून बसले. "बोल पोरा, काय करायचं? ए चष्मेवाले, मला जरा पाणी दे गं." गोळी पाणी आणायला पळाली. मार्केटला त्यांनी पाठीत बाक काढून उभा राहिल्याबद्दल झापलं. मग रेघेकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही उभ्या का? बसा ना."

तिला जन्मात त्यांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिची कानशिलं तापली. ती बसली.

मशीनने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. डबीत गोळ्यांऐवजी पेपरमिंट भरले होते. बाबांनी सूचना वाचली आणि अंगठा खळगीवर ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला. आतले पेपरमिंट खुळखुळ वाजायला लागले आणि वाजतच राहिले. "हाताला नाचाचा नाद लागलाय," ते म्हणाले, पण कपाळावर घाम आला होता. सवयीने त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "नाही आजोबा, हातात धरूनच," मशीन म्हणाला. रेघ खाली बघत राहिली. शेवटी त्यांनी डबी तोंडाजवळ नेली आणि दातांनी हिसका दिला. पुठ्ठा टरकन फाटला, पेपरमिंट फरशीभर उधळले.

मार्केट फिसकन हसला. आणि रेघसुद्धा हसली. आपण वेगळे दिसू नये म्हणून हसली, पण हसली.

बाबा गुडघ्यांवर बसून पेपरमिंट गोळा करायला लागले. धरलेला प्रत्येक पेपरमिंट निम्म्या वाटेत निसटायचा. गोळी खाली बसून मदत करायला लागली. रेघ खुर्चीतच बसून राहिली.

"मॅडम," बाबा खालूनच म्हणाले, "डबी फाडली हो मी तुमची. माफ करा."

ते गेल्यावर मशीनने चित्रण पुन्हा लावलं. मार्केट पुन्हा हसला. गोळी मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"एक सांग रेघे," ती म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना त्यांनी अरे-तुरे केलं. तुला एकटीलाच अहो-जाहो. का गं?"

थापेचं दाणापाणी तिथेच संपलं.  "माझे बाबा आहेत ते," रेघ म्हणाली, आणि मग थांबताच येईना. अंगठा, तळहात, टेबल, दात, दौरे, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?" मशीन भडकला. "आणि मी इतके दिवस पुठ्ठे कापत बसलो? त्यांनी डबी टेबलावर ठेवली तेव्हा मी उचलायला लावली, तेव्हा तरी बोलायचंस!"

मार्केट टेबलाकडे बघत म्हणाला, "मी हसलो गं."

"मीपण हसले," ती म्हणाली. तिची समजूत कुणीच काढली नाही, आणि ते बरंच झालं.

डबी नव्याने बनली. खळगी गेली, वर रुंद पट्टी आली. डबी टेबलावर ठेवायची, पट्टीवर तळहाताचा भार द्यायचा आणि खण ओढायचा. लहान पोराच्या अंगात तेवढं वजनच नसतं. गोळी खूश, मार्केटसुद्धा खूश. रेघेचं कौतुक मात्र कुणी केलं नाही.

आणि घरी? घरी बाबांनी आईला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त तोंडी एक नवीन शब्द बसला होता. "मॅडम, जेवलात का?" "मॅडम, उशीर होईल का तुम्हाला?" आईला वाटायचं, यांना नवीनच चेष्टा सुचलीय, आणि ती खळखळून हसायची.  एकदा धीर करून रेघेने म्हटलं, "बाबा, त्या दिवशी नियम होता, नात्यातलं माणूस चालत नाही असा..."

"हो ना," बाबा शांतपणे म्हणाले. "कवायतीच्या मास्तराला काय नियम शिकवता?"

शिकवता. चेष्टा होती की काय, तिला कळेना.

नवी डबी हातात आली त्या दुपारी तिने ती बाबांच्या समोर टेबलावर ठेवली. त्यांनी सूचना वाचली नाही. तळहात टेकवला, खण ओढला. सुर्रकन उघडला. त्यांनी एक पेपरमिंट तोंडात टाकला आणि चघळत राहिले.

"चांगली झालीय, मॅडम."

"बाबा, नियमाचं खोटं होतं," ती म्हणाली. "म्हणजे नियम होता, पण मी त्यासाठी नाही म्हटलं नाही. मला लाज वाटली. तुमची." ती एक पाऊल पुढे आली. "मला तू म्हणा ना."

 बाबांनी डबी बंद केली, आणि तिच्याकडे सरकवली.

"घ्या," ते म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. हात पुढे केला नाही.

 मग त्यांनी खुंटीवरचं निळं जॅकेट काढून टेबलावर डबीशेजारी ठेवलं.

"घे गं," ते म्हणाले. "आणि ही चेन बघ जरा. कधीची अडकलीय."