कामाचा हात

मित्रांनो, मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीतला नव्हे. त्याच्याशी माझी तुलना केलेली मला खपत नाही. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे सांधे मोजतो. दोन लांब पोलादी पट्ट्या, मध्ये अंशांची चकती आणि त्यांना जोडणारी एक खीळ, एवढाच माझा देह. एक पट्टी दंडावर ठेवायची, दुसरी मनगटाच्या दिशेने. कोपर वाकले की पट्टी फिरते आणि आकडा दिसतो. माझा स्वभाव मुळातच चुळबुळ्या आहे. खण नुसता उघडला तरी मी खुळखुळतो.

माझा जन्म अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्यावरच्या खुणा भिंगातून तपासल्या आणि तो म्हणाला, "ह्याच्यात एका अंशाची चूक सापडायची नाही." ती शाबासकी मी अजून मिरवतो. तिथून मी नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात आलो. तिथे दर बुधवारी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी होते. पेठ, सुरगाण्याहून लोक पहाटेच्या एस.टी.ने येतात, नाशिक रोडहून रिक्षाने येतात. कुणाचा पाय आखडलेला असतो, कुणाचा हात. डॉक्टर मोजतात, ताकद पाहतात, हिशेब मांडतात आणि टक्के लिहितात. चाळीस किंवा त्याहून जास्त टक्के आले, तर पुढे अनुदानाचा अर्ज करता येतो. एकोणचाळीस आले तर प्रमाणपत्र हातात पडते, पण अनुदानाचे दार बंद. म्हणून सगळे माझ्या चकतीकडे निकालाच्या फळ्याकडे पाहावे तसे पाहतात.

मध्यंतरी प्लास्टिकचा एक पारदर्शक कोनमापक आला आणि माझी रवानगी खणाच्या तळाशी झाली. दोन वर्षे मी तिथे टाचण्या आणि रिकाम्या रिफिलींच्या संगतीत काढली. मग एका मे महिन्यात तो खिडकीतल्या उन्हाने वाकडा झाला आणि सर्वांना माझी आठवण आली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. माझ्या बाबतीत वैद्य जिवंत होता म्हणून बरे.

आता त्या बुधवारचे सांगतो. तो आठवला की अजूनही माझी खीळ कुरकुरते.

चांदवडकडच्या एका खेड्यातून मालनबाई आल्या होत्या. वय बावन्न, नवरा नाही. जन्म कांद्याच्या खळ्यावर विळ्याने पात कापण्याच्या मजुरीत गेलेला. दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या ट्रॉलीवरून पडून त्यांचे डावे कोपर आणि खांदा निकामी झाला होता. तेव्हापासून काम बंद. दिव्यांगांचे अनुदान मिळाले तरच चूल स्वतःच्या हिमतीवर पेटणार होती. सोबत त्यांची थोरली जाऊ कुसाबाई होती. तिला बाहेर थांबायला सांगितले होते, पण ती दारातच उभी राहिली.

डॉक्टर रविराज तरुण आहेत आणि मायाळू आहेत, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यांनी मला मालनबाईंच्या कोपरावर धरले. कोपर साठ अंशांपाशी सुरू व्हायचे आणि नव्वदला अडकायचे. मधल्या तीस अंशांतच त्यांचा सगळा हात राहिला होता. डॉक्टरांनी आकडे लिहिले आणि विचारले, "मावशी, लिहिता कोणत्या हातानं?"

"उजव्या," मालनबाई म्हणाल्या.

ते खरेच होते. अर्जावर सहीसुद्धा त्यांनी उजव्याच हाताने केली होती. डॉक्टरांनी 'प्रमुख हात : उजवा' असे लिहून बेरीज केली. सदतीस टक्के.

मी टेबलावर पडलो होतो. समोरच मालनबाईंचा उजवा हात होता, आणि त्याच्या अंगठ्यावर, तर्जनीवर जुन्या कापल्याचे पांढरे वण होते. एकावर एक, कितीतरी. मित्रांनो, विळा ज्या हातात असतो तो हात कापला जात नाही. ज्या हातात कांदा असतो तो कापला जातो. मला ते दिसत होते आणि मला तोंड नव्हते. अंश सोडून मला काही बोलताच येत नाही. माझा असा जीव कधी तळमळला नव्हता.

"चाळीसला तीन कमी पडले, मावशी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. मालनबाईंनी मान हलवली आणि पदर सावरून त्या उठल्या.

दारातून कुसाबाई म्हणाली, "का गं, डाव्याचं नाय सांगितलं?"

"गप बस. साहेबांपुढं कशाला?"

"कशाला म्हंजे? साहेब, ही डावरी हाय. शाळंत मास्तरनं छड्या मारून उजव्यानं लिव्हायला लावलं. सासूबाय डाव्या हातानं दिलेलं पाणी घेत नव्हत्या. पण विळा म्हनाल, खुरपं म्हनाल, समदं डाव्यानंच. लय झपाट्याची होती."

डॉक्टरांनी मालनबाईंना परत बसवले. त्यांचा उजवा हात उताणा करून त्यांनी ते वण पाहिले.

"मावशी, विळा कोणत्या हातात धरायचा?"

मालनबाईंनी डाव्या हातावर पदर ओढला. परक्या माणसापुढे त्यांनी ते कधी उच्चारले नव्हते. शेवटी म्हणाल्या, "डाव्यात."

नियम असा आहे की निकामी झालेला हात जर कामाचा असेल, तर काही गुण जास्त धरतात. डॉक्टरांनी आधीचा शब्द खोडून 'डावा' लिहिले, शेजारी सही केली आणि पुन्हा बेरीज केली. एक्केचाळीस.

कुसाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. मालनबाईंचे लक्ष मात्र टक्क्यांकडे नव्हते. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारले, "हितं डावा लिव्हलंय?"

"हो, मावशी. कामाचा हात डावा."

त्या रडल्या. उजव्या हाताने आपला आखडलेला डावा हात कुरवाळत रडल्या. ज्या हाताने त्यांना जन्मभर पोसले, त्याला चारचौघांत पहिल्यांदा मान मिळाला होता, आणि तोवर तो हात उरला नव्हता.

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन नाही. डॉक्टर आता "लिहिता कशानं?" असे विचारत नाहीत, "काम कशानं करत होता?" असे विचारतात. पण त्याआधीच्या बुधवारांचे काय? किती जणी "उजवा" म्हणून निमूट उठून गेल्या असतील? माझा एकही अंश चुकला नव्हता, तरी त्या रिकाम्या हाताने गेल्या. उद्या तुमच्यातले कुणी डॉक्टर होईल, कुणी साहेब होईल आणि दुसऱ्याला मोजायला बसेल. तेव्हा मला जरूर हातात घ्या. पण आधी त्या माणसाला विचारा, आणि त्याच्यासोबत दारात कुणी उभे असेल, तर त्यालाही आत बोलवा.