पिवळी चौकट

"आता या बाईंना प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारायचा," जेजुरकर सर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरच्या विहिरीवर पट्टी टेकवली.

मी मागच्या बाकावर बसले होते. मी शिकवते अर्थशास्त्र, पण आमच्या ज्युनिअर कॉलेजात प्रोजेक्टर एकच. ज्याचा पुढचा तास, त्याने आधीच्या तासाला शेवटी शेवटी मागे येऊन बसायचं आणि घंटा झाली की प्रोजेक्टर उचलून पळायचं, असा आमचा रिवाज आहे. या रिवाजापायी बारावीचा भूगोल मला फुकटात पाठ झालाय.

महेश जेजुरकर सर व्याख्या लिहून देत नसत. एखादं ठिकाण घ्यायचं आणि ते मुळापासून सोलून काढायचं, ही त्यांची पद्धत. व्यापाराच्या धड्याला नामपूरचा कांदा बाजार, वाहतुकीला मनमाड जंक्शन, पाण्याला इगतपुरी तालुक्यातलं उंबरदरा. मुलं त्यांना 'केस सर' म्हणायची, केस स्टडीवरून. सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, त्यामुळे पोरांना या नावाचा आणखीच चेव. सरांनाही ते ठाऊक होतं. मखमलाबादकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातला माणूस, चिडायचं कसं ते त्यांना येतच नव्हतं.

सगळ्यांत लाडकं त्यांचं उंबरदरा. पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळू नयेत इतका पाऊस, आजूबाजूला धरणं, आणि होळी झाली की गावच्या विहिरीचा तळ उघडा. कोरोनाच्या आधी दरवर्षी ते मुलांची बस घेऊन तिथे क्षेत्रभेटीला जात. नंतर परवानग्यांची कटकट वाढली आणि गाव पडद्यावरच उरलं. समोरचा फोटो अशाच एका भेटीत, बारा-तेरा वर्षांपूर्वी काढलेला. एक बाई हंडा कमरेवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढून वर येतेय. लाल बाण सगळीकडे. 'पाण्याची पातळी', 'बेसाल्टचे थर', 'झिजलेल्या पायऱ्या'. आणि बाईच्या चेहऱ्यावर बरोबर बसवलेली एक पिवळी चौकट: 'पाण्यासाठी महिलांची पायपीट'.

मी हा फोटो किती वेळा पाहिला असेल. चेहरा दिसत नाही, हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"हंडा किती लिटरचा आहे?" भाग्यश्रीने विचारलं.

"छान. मोजता येणारा प्रश्न. पुढे?"

"सर, एवढा पाऊस पडतो तर ते लोक टाक्या का नाही बांधत?" राज म्हणाला. त्याला बसायला सांगायच्या आत तो पुढे बोललाच, "आणि अंघोळ रोज करतात का, हे पण विचारू का?"

वर्ग खिदळला. सरांनी टेबलावर पट्टी आपटली आणि राजला उभं ठेवलं. मग त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. "वेदिका खातळे. तुझा प्रश्न?"

वेदिका उठली. या मुलीला मी वर्षभरात क्वचितच बोलताना ऐकलं होतं. घोटीला मामाकडे राहून दहावी केलेली, आता नाशकात वसतिगृहात. ती बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिली.

"सर, ती पिवळी चौकट काढता येईल का?"

"का गं? वाचता येत नाही?"

"नाही, वाचता येतंय." तिचा आवाज हलत नव्हता, हात मात्र बाकाच्या कडेला घट्ट. "ती माझी आई हाय."

कोणीतरी पुन्हा हसायला गेलं आणि मध्येच थांबलं. सर माऊसपाशी गेले, चौकटीवर दोनतीनदा टिचकी मारली. चौकट हलली नाही. तेवढ्यात घंटा झाली. मी प्रोजेक्टर घ्यायला उठले नाही, त्या दिवशी मागणी-पुरवठा मी फळ्यावरच शिकवला.

मधल्या सुट्टीत वेदिका स्टाफरूममध्ये आली. सरांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तुला ओळखू कशी आली? म्हणजे, चेहरा तर..." सर अडखळले.

"हातावरचं गोंदण. आणि लुगडं. ते लुगडं आजीनं अजून ठेवलंय." मग तिने थोडक्यात सांगितलं. ती सहा वर्षांची असताना आईला कावीळ झाली. पावसाचे दिवस, घोटीला न्यायला उशीर झाला. घरात आईचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. "त्याच्यात कोण कोणाची आई हाय तेच कळत नाय, मॅडम," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आवाज थोडा आठवतो मला. चेहरा नाय आठवत. कोणाला सांगितलं नाय मी, पण नाय आठवत."

"मी काढून देतो," सर म्हणाले. "चौकट काढून, मोठा करून, फ्रेममध्ये घालून देतो. उद्याच देतो."

ती गेली आणि सर दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. मला कळेना, यात एवढं काय! चौकट काढायची, की झालं.

"निघणार नाही ती," ते म्हणाले. "तुम्हाला आठवतं, तेव्हा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आपले मराठी फॉन्ट उडायचे? घरी 'पाण्याची पातळी' लिहून आणायचं आणि इथे नुसती खडी उमटायची. म्हणून मी प्रत्येक पान फोटोसारखं एकजीव करून ठेवायचो. अक्षरं, बाण, सगळं फोटोतच विरघळलेलं. आता चौकट काढली तर खाली काही नाही."

"आणि मूळ फोटो?"

"जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो भंगारात गेला."

आम्ही सगळ्यांनीच तेव्हा हा उद्योग केला होता. माझेही बाजारपेठेचे तक्ते असेच एकजीव होऊन पडलेत. पण माझ्या तक्त्यात कुणाची आई नव्हती.

"पण चौकट चेहऱ्यावरच का टाकलीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राग आला होता.

"विहीर झाकायची नव्हती," सर म्हणाले. "थर झाकायचे नव्हते. मजकुराला तेवढीच जागा मोकळी वाटली."

मला त्यांचा राग आला तसाच त्यांच्याविषयी जीवही तुटला. या माणसाला त्या विहिरीची खोली ठाऊक होती, खडकाचे थर ठाऊक होते, बाई दिवसातून किती खेपा करते तेही त्यांनी लिहून घेतलं होतं. तिचं नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वेदिका दाराशी उभी. "सर, सापडला?"

"शोधतोय बाळा."

तिसऱ्या दिवशी तेच. मग रोजचंच झालं. ती आत येत नसे, उंबऱ्याबाहेरूनच विचारी, आणि सर डबा उघडायच्या आधी दाराकडे बघत. त्यांनी घरातली कपाटं उपसली. जुना कॅमेरा सापडला, त्यातलं कार्ड बुरशी आल्यासारखं पांढरं पडलेलं. ते घेऊन मेनरोडच्या दोनतीन दुकानांत फिरले. एक पोरगा म्हणाला, एआयने चेहरा बनवून देतो, कळणारसुद्धा नाही. सर तिथून ताडकन उठून आले. "कुणाचाही चेहरा बनवून देतो म्हणे! मी काय तिला फसवू?" चिडता न येणारा माणूस त्या दिवशी स्टाफरूमभर येरझारा घालत होता.

मुलांच्या जुन्या प्रॅक्टिकल वह्यांत फोटो चिकटवलेले असत. त्या परीक्षा झाल्यावर दरवर्षी रद्दीत जात.

मग एके दिवशी वेदिका दाराशी आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. वर्गात असायची, पण भूगोलाच्या तासाला मान खाली. तिने विचारणं सोडलं, हे सरांना तिच्या विचारण्यापेक्षा जड गेलं. ते डबा न खाताच परत नेऊ लागले.

"मॅडम, तिने माझ्यावरची आशा सोडली," ते मला म्हणाले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

मी म्हटलं, "तुम्ही एकट्याने काय शोधताय? बसभर पोरं न्यायचात ना? त्यांना विचारा."

त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदाच त्यांनी 'उंबरदऱ्याची महिला' असं न लिहिता नाव लिहिलं. वेदिकाला बोलावून विचारून घेतलं होतं. नवसाबाई खातळे. खूप जणांनी अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. फोटो कुणाकडेच नव्हता. दोन दिवसांनी मनमाडहून रोहितचा फोन आला. तो आता रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. त्याच्याकडे एक फोटो आहे, म्हणाला, पण विहिरीचा नाही. चालेल का?

ड्यूटीला सुट्टी होती त्या दिवशी रोहित स्वतः फोटो घेऊन स्टाफरूममध्ये आला. मोबाइलवर नाही पाठवला. हातात द्यायचाय म्हणाला. भरदार मिशांचा गडी, पण सरांना पाहिल्यावर शाळकरी पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला. सरांनी वेदिकाला बोलावलं. मी उठून जाणार होते, सरांनी डोळ्यांनीच थांबवलं.

रोहितने पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. साधी, जुनी प्रिंट, कडा पिवळट. एका पडवीत मुलं-मुली ओळीने बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर प्रश्नावली. समोर एक बाई भाकऱ्यांची टोपली घेऊन उकिडवी बसलीय आणि तोंड उघडं टाकून हसतेय. पुढचा एक दात जरासा वाकडा. डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरलेला. हंडा कुठेच नाही.

वेदिका टेबलावर वाकली. खूप वेळ वाकूनच राहिली. सर भिंतीकडे बघत होते.

"हाच फोटो राहिला कसा?" मी रोहितला विचारलं, कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून.

रोहितने सरांकडे चोरून पाहिलं. "वहीत चिकटवला होता मॅडम. सरांनी काढायला लावला. विषयाला धरून नाही म्हणाले. म्हणून माझ्याकडे राहिला. बाकीचे गेले वह्यांबरोबर."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"ही हसतीय कशाला?" वेदिकाने मान वर न करता विचारलं.

प्रश्न सरांना होता. पाऊस किती, थर कोणते, खेपा किती, सगळं सांगू शकणाऱ्या सरांना याचं उत्तर येत नव्हतं. त्यांनी रोहितकडे पाहिलं.

"मला हसतायत त्या," रोहित म्हणाला. "आम्ही आपले विचारत सुटलो होतो. घरात माणसं किती, पाणी कोण आणतं, किती लांबून आणतं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग भाकरी वाढता वाढता मला म्हणाल्या, 'माझं झालं लिहून. आता मी इचारते. तुझ्या घरी पानी कोन भरतं रं?' मी म्हटलं, आई. तर त्या म्हणाल्या, 'मंग तिला इचारायचं सोडून हितं लांब कशाला आला?' आणि हसल्या. सगळेच हसले. मी लाजून पार कोपऱ्यात. मित्राने तेवढ्यात फोटो काढला."

"असं बोलायची?" वेदिका म्हणाली.

"असंच. लय मोकळं बोलायच्या."

वेदिकाने बोटाचं टोक त्या वाकड्या दातावर ठेवलं. मग फोटो उचलला, उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. सर पुढे झाले. "वेदिका, मी... तो दुसरा फोटो मी पुन्हा कधी वर्गात दाखवणार नाही. मला माफ कर."

"दाखवा सर," ती म्हणाली. "विहीर तर आमचीच हाय. फक्त तिच्या तोंडावर काही लिहू नका."

सरांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिले.

निघताना वेदिका दारात थांबली आणि रोहितकडे वळली. "दादा, आता तुमच्याकडे पाणी कोण भरतं?"

रोहित कसंनुसं हसला. "मनमाडचं तुला माहितीच आहे. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस नळ येत नाही. मी ड्यूटीवर असतो, मग..." त्याने मान खाली घातली. "आईच भरते."

वेदिका त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, मला वाटलं हेवा होता.

"म्हणजे आई हाय तुमची," ती म्हणाली, आणि फोटो ओढणीच्या पदराखाली धरून वर्गाकडे गेली.