सुटलेली लाल चौकट

मी एक जुना तपासनीस आहे, मित्रांनो. पण मला खाकी कपडे नाहीत, शिट्टी नाही, बसायला खुर्ची नाही. मी संगणकातला एक छोटासा प्रोग्रॅम आहे. मला बघायला गेलात तर एक काळी खिडकी दिसेल आणि तिच्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. बस्स! ना चित्र, ना रंग, ना बटणं. कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, मी कामाला लागतो. नवी मुलं मला बघून नाक मुरडतात. मुरडू देत. नाक मुरडणारे आले आणि गेले, मी आहे तिथंच आहे.

माझं काम काय ते आधी सांगतो. मोठ्या मशीनबरोबर एक पुस्तक येतं. मशीन कसं चालवायचं, कसं पुसायचं, अडकलं तर काय करायचं, हे त्यात असतं. हे पुस्तक संगणकात लिहिताना मजकुराला खुणा घालतात. ही पायरी इथं सुरू झाली, इथं संपली. ही धोक्याची सूचना इथं सुरू झाली, इथं संपली. या खुणांना टॅग म्हणतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखंच आहे ते. डबा उघडला की त्याच्यावर त्याचंच झाकण बसलं पाहिजे. एखादं झाकण राहिलं की मी ओरडतो, अमुक ओळीत चूक आहे! आणि सगळं ठीक असेल तर? तर मी काहीच बोलत नाही. शाबासकी नाही, हिरवा दिवा नाही. माझी रीतच तशी. मी गप्प बसलो की समजायचं, सगळं जागच्या जागी आहे.

या रीतीचा मला फार अभिमान होता. आता तिचं नाव काढलं तरी जीव तुटतो.

मला घडवलं ते दूरदेशीच्या माणसांनी, आणि वापरा बाबांनो म्हणून साऱ्या जगाला देऊन टाकलं. आकुर्डीच्या या ऑफिसात मला आणलं सुखदाताईंनी. ऑफिस गणराज सरांचं. चाकणच्या कारखान्यांतल्या मशीनची पुस्तकं इथं तयार होतात, इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत. सुखदाताई ती तपासून छपाईला पाठवतात.

एकदा त्या चाकणला जाऊन आल्या. धडाधडा चालणारी मशीन त्यांनी पाहिली होती, आणि त्यांत हात घालणारी माणसंही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नियमांची एक फाइल लिहिली. जिथं मशीनमध्ये हात घालायची पायरी येईल, तिथं तिच्याआधी लाल चौकट असलीच पाहिजे: 'आधी मुख्य वीज बंद करा, स्विचला कुलूप लावा, मगच हात घाला.' चौकट नसेल तर मी आकाशपाताळ एक करायचं, असा त्यांचा हुकूम. मग त्यांनी माझी कमांड एका छोट्या फाइलीत बांधून ठेवली. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की मी झाकणंही बघायचो आणि नियमही. कितीतरी पुस्तकं मी अशी अडवली. लोक वैतागायचे, पण ताई म्हणायच्या, "हा गप्प बसला ना, की मी निर्धास्त होते." ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं!

आमच्या ऑफिसात झाडलोट करायला पुनावळ्याच्या छबूबाई येतात. दर खंडेनवमीला त्या पूजेचं ताट घेऊन यायच्या, एकेका संगणकाला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या. मिहिर नावाचा आमचा इंजिनिअर हसायचा. "अहो छबूबाई, याच्यात काय देव बसलाय का?"

"देव नसंना का! काम करतंय न्हवं? मग त्याचा मान हाय," त्या म्हणायच्या.

छबूबाईंचा एकुलता एक मुलगा किसन. आयटीआय झाला आणि सुखदाताईंनी शब्द टाकून त्याला चाकणच्या एका कंपनीत लावलं. छबूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. पेढे वाटता वाटता म्हणाल्या, "ताई, आमचा किसन लई वाचतोय बरं का. औषधाच्या बाटलीवरचं बी वाचल्याबिगर घोट घेत न्हाई."

त्याच कंपनीत त्या वर्षी पत्र्याच्या पट्ट्या दाबणारं नवं रोलर मशीन येणार होतं. पुस्तक आमच्याकडेच होतं, आणि कंपनीचा निरोप असा, की खंडेनवमीला मशीनची पूजा होणार, तेव्हा पुस्तकही मशीनपाशी हवं. सुखदाताई तेव्हा सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. काम मिहिरकडे आलं.

झालं काय, की लाल चौकटींचा मराठी मजकूर कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरकडून मंजूर होऊन यायचा राहिला होता. मिहिरनं तेवढ्या चौकटी उचलून बाजूला ठेवल्या आणि बाकीचं तपासायला घेतलं. मी काय ऐकतो? पानोपानी बोंब ठोकली. इथं चौकट नाही, इथंही नाही! "अरे हो बाबा, माहितीये मला," म्हणून तो करवादला, आणि त्यानं त्या बांधलेल्या कमांडमधून नियम बघण्याचे शब्दच काढून टाकले. मजकूर आला की परत घालू, असं त्याच्या मनात होतं. पोरगा वाईट नव्हता हो. घाईत होता.

मजकूर आला. त्यानं चौकटी परत लावल्या आणि त्यातली एक राहून गेली. नियमांचे शब्द घालायचेही राहून गेले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुखदाताई धावतपळत आल्या. पाठवण्याआधी एकदा बघते म्हणाल्या. नेहमीसारखी दोनदा टिचकी मारली. मी झाकणं पाहिली. सगळी बसलेली होती. नियमांचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी गप्प बसलो.

"चला, झालं!" ताई म्हणाल्या, आणि पुस्तक छपाईला गेलं.

दिवाळी झाली, मिहिर दुसऱ्या नोकरीला लागला. आणि एक दिवस छबूबाई कामाला आल्याच नाहीत. कळलं ते असं, की रोलरमध्ये पट्टी अडकली होती, ती काढताना किसनचा उजवा हात मनगटापर्यंत गेला.

बऱ्याच दिवसांनी छबूबाई आल्या. झाडू हातात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"ताई, हात गेला त्यो गेला. पर साहेबलोक म्हनत्यात, तुझ्याच हलगर्जीनं गेला. चौकशीत तसंच लिवनार हायेत. त्यो रडतोय निस्ता. म्हनतोय, आये, म्या पुस्तक उघडून म्होरं ठिवलं व्हतं, लिवलंय तसंच केलं. त्याचा बाप बी म्हनाया लागलाय, खोटं बोलतंय कार्टं."

"छबूबाई, पुस्तकात वीज बंद करायची सूचना असतेच. मी स्वतः..." सुखदाताई बोलता बोलता थांबल्या. कपाटातून पुस्तक काढलं. ते पान उघडलं. 'मशीन थांबवा. झाकण उघडा. अडकलेली पट्टी हाताने काढा.' वर लाल चौकट नव्हती. किसननं बटण दाबून मशीन थांबवलं होतं, झाकण उघडलं होतं, हात घातला होता. मुख्य वीज चालूच होती; पट्टी सुटली आणि रोलर फिरला. नव्या पोराला कोण सांगणार? ज्यानं सांगायचं त्या पुस्तकानंच सांगितलं नव्हतं.

ताई माझ्याकडे वळल्या. दोनदा टिचकी मारली. मी गप्प. मग त्यांनी ती बांधलेली कमांड उघडून पाहिली, तर नियमांचे शब्दच गायब. त्यांनी काळी खिडकी उघडली आणि स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर, पूर्ण कमांड टाइप केली, नियमांसकट. एंटर दाबलं.

आणि मी बोललो. एकच ओळ. 'या पायरीच्या आधी धोक्याची सूचना हवी होती, ती सापडली नाही.'

मित्रांनो, तीच ओळ खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे होती. मागितली असती तर पापणी लवायच्या आत दिली असती. आता देऊन काय उपयोग?

गणराज सर आले, ओळ वाचली, पांढरेफटक पडले. ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "सुखदा, हे बाहेर गेलं तर ऑफिसला टाळं लागेल. आणि पोराचा हात काही परत येणार नाहीये."

"हात नाही येणार, सर," ताई म्हणाल्या, "पण तो खरं बोलतोय. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय. तेही मी काढून घेऊ?"

त्यांनी छबूबाईंना माझ्यासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मिहिरनं काय काढलं, आपण काय न बघता पाठवलं, सगळं. मला वाटलं, ही बाई आता शिव्याशाप देईल, हातातला झाडू माझ्या अंगावर भिरकावेल. दिले असते तर बरं वाटलं असतं मला. पण त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजी माझं लेकरू खोटं न्हाई बोलत?"

"नाही, छबूबाई. तो खरं बोलतोय."

तेव्हा त्यांचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून त्या ढसाढसा रडल्या.

चौकशीच्या दिवशी कंपनीचे साहेब आले. ताईंनी त्यांच्यासमोर मला दोन्ही रीतींनी चालवून दाखवलं. आधी मी गप्प, मग मी बोललो. 'हलगर्जी' हा शब्द किसनच्या नावापुढून निघाला. त्या कंपनीचं काम आमच्या हातून गेलं. ऑफिस कसंबसं तगून आहे.

यंदाच्या खंडेनवमीला छबूबाई ताट घेऊन आल्या, तर मागे किसन. उजवी बाही मनगटाशी दुमडलेली. सगळे उभे राहिले. छबूबाईंनी बाकीच्या संगणकांना हळदकुंकू लावलं आणि माझ्यापाशी येऊन ताट किसनपुढे धरलं.

त्यानं डावा हात पुढे केला आणि मागे घेतला. लहानपणी डाव्या हातानं प्रसाद घेतला तरी याच आईनं त्याच्या हातावर चापट मारली होती. पूजेला डावा हात चालत नाही, हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

"लाव, बाबा," छबूबाई म्हणाल्या. "डाव्यानं लाव. चालतंय."

त्यानं बोट कुंकवात बुडवून माझ्या पडद्याच्या कडेला टेकवलं. कुंकू वेडंवाकडं लागलं.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखं कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. जवळ जा, आणि त्याला पुरतं विचारा. विचारल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही हो.

छबूबाई रोज सकाळी माझा पडदा पुसतात. तेवढं कुंकू सोडून पुसतात.