नुसत्या पाण्याचा पिंजरा

२००४ च्या मे महिन्यात आमच्या कॉलेजातल्या सहा उंदरांची साखर कोणत्याही औषधाशिवाय खाली आली.

असं काही घडलेलं नाही. प्राचार्य खंडेराव सरांनी तशी सही-शिक्क्यानिशी नोटीस लावली आहे, आणि मी नोटिसा वाचणारा विद्यार्थी आहे. तेव्हा जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगतो.

मी कुंदन. एम.फार्म., दुसरं वर्ष, विषय फार्माकॉलॉजी. पेशीच्या दारावर एक प्रथिन असतं, ते रक्तातली साखर आत घेतं. मधुमेहात ते वॉचमनसारखं खुर्ची सोडत नाही. द्राक्षाच्या बियांच्या अर्काने ते उठतं का, हे मला शोधायचं होतं. आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे म्हणून गाईड प्रतिभा मॅडमनी मला हा विषय दिला. आमची द्राक्षं बिनबियांची आहेत, हे मी त्यांना विषय मंजूर झाल्यावर सांगितलं.

प्रबंध द्यायची शेवटची तारीख तीस जून. चुकली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं, "ये मग घरी. ऑक्टोबरच्या छाटणीला माणूस कमीच हाय." छाटणीनंतर फवारणी, फवारणीनंतर पुन्हा छाटणी. पाठीवर पंप बांधलेला मी घरात सगळ्यांना आत्ताच दिसायला लागलो होतो.

अठरा पांढरे उंदीर, तीन पिंजरे. अठराही जणांना इंजेक्शन देऊन मधुमेह आणला. मग पहिल्या पिंजऱ्याला बाजारातलं नेहमीचं औषध, दुसऱ्याला माझा अर्क आणि तिसऱ्याला नुसतं पाणी. हा तिसरा म्हणजे कंट्रोल. त्याला काम एकच, आजारी राहायचं. तो आजारी राहिला तरच बाकीचे बरे झाले असं म्हणता येतं.

एकविसाव्या दिवशी शेपटीच्या टोकातून थेंब थेंब रक्त घेऊन साखर मोजली. पहिल्या पिंजऱ्याची उतरली होती. दुसऱ्याची थोडी उतरली होती. तिसऱ्याची सगळ्यांत जास्त उतरली होती.

मी पट्ट्या बदलल्या, मशीनचा सेल बदलला, शेवटी स्वतःचं बोट टोचलं. ब्याण्णव. मशीन ठणठणीत, मी ठणठणीत आणि तिसरा पिंजराही ठणठणीत. घोळ तिथेच होता.

"यांना काय दिलंस?" मॅडमनी विचारलं.

"पाणी."

"कसलं पाणी?"

"नळाचं."

मॅडमनी चष्मा काढला. "कुंदन, या पाण्यात काहीतरी आहे."

अशा वेळी शास्त्रज्ञाने शांत राहायचं असतं. आम्ही दुपारपर्यंत फळ्यावर नळाचं पाणी वॉचमनला नेमकं कसं उठवतं त्याची अकरा बाणांची आकृती काढली. दोन बाणांवर प्रश्नचिन्हं होती, ती चहानंतर पुसली. पाणी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून जडीबुटींची मुळं धुत येतं, ही भर शिपायाने घातली. तिचा बारावा बाण झाला.

संध्याकाळी प्राचार्यांना कळलं. त्यांना बारा वर्षांची शुगर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या घेऊन अ‍ॅनिमल हाऊसच्या नळावर हजर. तिसऱ्या दिवशी ऑफिसचे क्लार्क आले, लायब्ररीवाले आले, समोरचा अख्खा रिक्षा स्टँड आला. नाशिक रोडहून एक गृहस्थ वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन आले, आपल्या ऑफिसातल्या साहेबांच्या सासूबाईंसाठी. रांगेत घुसाघुशी नको म्हणून शिपायाने लोकांच्या हातावर नंबर टाकले. मार्कर माझाच, उंदरांच्या शेपट्यांवर खुणा करायचा. प्राचार्यांनी पत्रकारांना येत्या सोमवारचं बोलावणं धाडून टाकलं.

शनिवारी मी पिंजऱ्यांपाशी वाकलो आणि मला एक वास आला. ओळखीचा होता. तिसऱ्या पिंजऱ्याला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता.

मी उंदीर तपासले. सहाच्या सहा नर. तरी खात्रीसाठी मोजले. सहाच होते. मग भुसा चाळला आणि तळाशी एक मेथीदाणा सापडला.

अ‍ॅनिमल हाऊसचं सगळं चतुराबाईंकडे असतं, पिंजरे धुण्यापासून खाणं घालण्यापर्यंत. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे जुड्या बांधून बाजारात पाठवतात, मग कामावर येतात.

"चतुराबाई, या पिंजऱ्यात मेथी कुठून आली?"

"माझ्या घरून."

"पण का?"

"तुम्हीच म्हणले ना यांना शुगर हाय? माझ्या सासूला बी हाय. रोज सकाळी भिजवलेल्या मेथ्या खाती. लय गुण हाय. पंच्याहत्तरीत बी मला खणखणीत शिव्या देती."

"मग बाकीच्या दोन पिंजऱ्यांना नाही दिल्या?"

"त्यांना तुमचं औषध हाय की! यांनाच तेवढं नुसतं पाणी. दादा, तुम्ही शिकलेली माणसं. एका पंगतीला बसवायचं, दोघांच्या पानात वाढायचं आन तिसऱ्याला पाण्याचा जग दाखवायचा? असा वाढपी आमच्यात मांडवाबाहेर काढत्यात."

मी त्यांना पंधरा मिनिटं कंट्रोल समजावून सांगितला. त्यांनी झाडू टेकवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आजारीच राहावं म्हणून ठेवलेत यांना?"

"हो."

"आन तुम्ही डॉक्टर व्हणार?"

"डॉक्टर नाही. फार्मसी."

"तरीच," त्या म्हणाल्या.

हे ऐकून प्रतिभा मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, मग फळा पुसला. बाराही बाण.

"कंट्रोल गेला म्हणजे सगळंच गेलं, कुंदन. तुलना कशाशी करणार?"

"मॅडम, मेथी फक्त मी पाहिलीय. एकच दाणा आहे. मी तो खाऊ शकतो."

"खा. पण खोटं लिहायचं नाही."

मी दाणा खाल्ला. कडू होता. मग प्राचार्यांकडे गेलो.

"सर, पाणी नाही. मेथी."

सर तांब्याकडे बघत राहिले. "पण मला हलकं वाटतंय रे."

"सर, तुम्ही रोज तांब्या घेऊन दोन जिने चढ-उतार करताय."

पत्रकार रद्द झाले आणि नोटीस लागली. रिक्षावाले मात्र आणखी आठवडाभर येत राहिले. नोटिशीत काही घडलं नाही एवढंच होतं, नळ बंद आहे असं कुठे म्हटलं होतं?

वडिलांना एसटीडीवरून फोन केला.

"काय रे कुंद्या, झाली का उंदरं बरी?"

"झाली."

"मंग पास?"

"नाही. नको होती तीच बरी झाली."

"छाटणीला ये," ते म्हणाले, "पण हितल्या उंदरांना हात लावू नको."

आता वाट एकच होती. तीन महिन्यांची मुदतवाढ मागायची, नवे अठरा उंदीर आणायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पण चतुराबाईंशिवाय अ‍ॅनिमल हाऊस चालत नाही. त्यांच्या आधीचा माणूस उंदराने अंगठ्याला चावा घेतल्यावर जो गेला, तो पगारालाही आला नाही. आणि चतुराबाईंनी मला दारातच अडवलं. "नुसत्या पाण्याचा पिंजरा परत मांडला तर मी परत मेथ्या आणीन. आत्ताच सांगते. मागनं म्हणू नका सांगितलं नाय."

मी रविवारभर विचार केला आणि सोमवारी अर्ज दिला. मॅडमनी तो दोनदा वाचून खाली सही केली.

प्रति,
मा. अध्यक्ष, प्राणी नैतिकता समिती.
महोदय, सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास प्रबंधासाठी ३० सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळावी. नवीन कंट्रोल गटातील सहा उंदरांना दररोज सकाळी भिजवलेल्या मेथ्या देण्यास परवानगी असावी. सदर मेथ्या त्यांना मिळालेल्या नाहीत, असे समितीने ठरावाद्वारे घोषित करावे. आणि ठरावाची प्रत प्रत्येक उंदरास समक्ष बजावण्यात येऊन, त्यानुसार आजारी राहणे त्यांच्यावर बंधनकारक करण्यात यावे, ही नम्र विनंती.