फ्रीजच्या दारातला कप्पा

"शेवटची ओळ तेवढी बदला," समुपदेशक बाई म्हणाल्या. "जरा आशादायी करा ना!"

शिलाईवालीने कागद मांडीवर आपटला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, आणि आता मूल हवं असेल तर कविताही करा! दवाखान्याने उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी हा नवा उद्योग काढला होता. मन मोकळं करा, म्हणे. चांगल्या कविता भिंतीवर लागणार होत्या, गुटगुटीत बाळांच्या फोटोंशेजारी.

तिचा जन्म लोकांचे कपडे सैल-घट्ट करण्यात गेलेला. शाळा सुटल्यापासून कवितेच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. पण काल दुकानात एका गरोदर बाईचा झगा उसवता उसवता ओळी सुचल्या आणि तिने त्या खडूने टेबलावरच लिहून काढल्या. रात्री कागदावर उतरवून आत्ता त्याच सगळ्यांसमोर वाचल्या होत्या:

पोटावर सुईला जागा उरली नाही,
तरी म्हणतात, अजून एकदा.
दुसऱ्यांचे कपडे मी पोटावर सैल करते,
माझं माप तेवढं बदलत नाही.
जो तो विचारतो, काही गोड बातमी?
दमलीस का, कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं, हो. पुरे.

"'पुरे' काढून 'उद्या' घाला. बघा कशी उभारी येते!"

"बाई, गिऱ्हाईक म्हणालं तर मी चांगली बाही लांडी करून देते," ती म्हणाली. "ही नाही करणार."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शेजारी तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा, आपल्या नखांतलं ग्रीस बघत बसला होता. तिचं सगळं लक्ष त्याच्याकडे लागलं होतं. दर वेळी अपयश आलं की "अजून एकदा करू" हे पहिल्यांदा तोच म्हणायचा. सोमवारी चौथी खेप सुरू व्हायची होती, इंजेक्शनं फ्रीजमध्ये येऊन पडली होती, आणि ही चारचौघांत पुरे म्हणून मोकळी झाली होती.

घराच्या जिन्यात तो थांबला. "दमलीस?"

"आत्ता विचारतोस?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला हवं होतं म्हणून."

"मला? अगं, दर वेळी तू रडायचीस. नाही म्हटलं तर कोलमडशील असं वाटलं. मला तर दुसऱ्या खेपेलाच नको झालं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मिठाची गुळणी धरून का बसलास? एवढ्या सुया टोचून घेतल्या मी!"

"टोचल्या मीच ना," तो म्हणाला. "दर वेळी आधी दहापर्यंत आकडे मोजायचो."

ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून पोटभर रडली. तोही शेजारी बसला. वरच्या मजल्यावरचे लोक अंग चोरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी तो इंजेक्शनांचा डबा बर्फात ठेवून दवाखान्यात परत करून आला. येताना लिंबं आणली आणि सवयीने फ्रीजच्या वरच्या फळीवर ठेवली. दारातला कप्पा इतकी वर्षं दवाखान्याच्या औषधांचा. तिथे कुणी दुसरं काही ठेवायचं नाही, हा घरातला कायदाच होता.

तिने ती लिंबं उचलली आणि एकेक करून दारातल्या कप्प्यात ठेवली. मग दार लावलं.